लिंक्डइनचं प्रोफाइल कुणासाठी लिहायचं? नोकरीच्या बाजारात ‘सापडण्या’चं गणित

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कपात करणार असल्याचं जाहीर केलं. त्याचा फटका प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ फळीतल्या कर्मचाऱ्यांना बसेल, असंही कंपनीने सांगितलं होतं. पुणे, मुंबई, नागपूरमधल्या आयटी वर्तुळात या बातमीने खळबळ उडाली. ही नोकरी एकदा मिळाली की निवृत्तीपर्यंतची चिंता मिटली, असं मानणारी एक अख्खी पिढी या क्षेत्रात आहे.

अशा वेळी पंधरा-वीस वर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘लिंक्डइन अपडेट कर’. मग फोटो बदलला जातो, दोन-चार वजनदार इंग्रजी विशेषणं टाकली जातात आणि वाट बघणं सुरू होतं. अनेकदा काहीच घडत नाही. असं का होतं? प्रोफाइल नेमकं कोण वाचतं आणि त्यात काय असायला हवं?

लिंक्डइनला एवढं महत्त्व का आलं?

रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या अखेरीस स्थापन केलेली ही साइट मे २००३ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ मध्ये जगभरातली सदस्यसंख्या १०० कोटींच्या पुढे गेली, तर भारतातल्या सदस्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. अमेरिकेनंतर सर्वाधिक सदस्य भारतातच आहेत. २०२४ पासून ही साइट मराठीतूनही वापरता येते.

लिंक्डइनच्या कमाईचा मोठा भाग कंपन्यांकडून येतो. उमेदवार शोधण्यासाठी कंपन्या आणि रिक्रूटर पैसे भरून खास शोधसुविधा घेतात. म्हणजे सर्वसामान्य सदस्यासाठी हे सोशल मीडिया असलं, तरी कंपन्यांसाठी ती माणसांची शोधता येणारी एक प्रचंड यादी आहे. प्रोफाइल सुधारण्याचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

रिक्रूटर प्रोफाइल कसं शोधतात?

रिक्रूटर एकेक प्रोफाइल वाचत बसत नाही. तो आधी चाळणी लावतो. पदाचं नाव, कौशल्य, शहर, अनुभवाची वर्षं, आधीच्या कंपन्या, शिक्षण असे निकष टाकले की यादी समोर येते. त्या यादीतल्या वरच्या काही जणांवर तो नजर टाकतो.

म्हणजे प्रत्येक प्रोफाइलचे वाचक दोन. पहिलं ते शोधयंत्र, दुसरा माणूस. यंत्राला शब्द जुळायला हवे असतात, तर माणसाला ‘याने हे काम खरंच केलं आहे’ याची खात्री हवी असते. बहुतेक प्रोफाइल यापैकी एका परीक्षेत नापास होतात. काहींमध्ये कामाची नेमकी नावंच नसतात, त्यामुळे ती यादीत येत नाहीत. काहींमध्ये शब्दांचा पाऊस असतो, पण पुरावा नसतो.

नावाखालच्या ओळीत काय लिहावं?

नावाखाली दिसणाऱ्या ओळीला हेडलाइन म्हणतात. त्यासाठी २२० अक्षरांची मर्यादा आहे. शोधयादीत नाव आणि फोटोसोबत हीच ओळ दिसते. तिथे अनेक जण ‘स्वप्नं पाहणारा’, ‘बदल घडवणारा’ अशा अर्थाचं काहीतरी लिहितात. पण असे शब्द टाकून रिक्रूटर शोध घेत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे कंपनीतलं अंतर्गत पदनाम. मोठ्या कंपन्यांमध्ये ‘असोसिएट कन्सल्टंट’, ‘ग्रेड अमुक’ अशी पदं असतात. बाहेरच्या माणसाला त्यातून कामाचा पत्ता लागत नाही. म्हणून हेडलाइनमध्ये बाजारात चालणारं पदाचं नाव, मुख्य कौशल्य आणि क्षेत्र या तीन गोष्टी असाव्यात. अनुभवाच्या रकान्यात मात्र नेमणूकपत्रावरचंच पद लिहावं, कारण पुढे पार्श्वभूमी तपासणीत तेच पडताळलं जातं.

प्रोफाइल इंग्रजीत ठेवावं की मराठीत? साइट मराठीतून वापरता येत असली, तरी देशातले बहुतांश रिक्रूटर इंग्रजी शब्द टाकूनच शोधतात. त्यामुळे नोकरीसाठी मुख्य प्रोफाइल इंग्रजीत असणं व्यवहार्य ठरतं. भाषांतर, पत्रकारिता, शिक्षण अशा क्षेत्रांत मात्र मराठी येणं हेच कौशल्य असतं आणि ते ठळकपणे नोंदवायला हवं.

‘टीम प्लेयर’ लिहून उपयोग का होत नाही?

समजा, चाकणमधल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कुणी क्वालिटी इंजिनिअर आहे. त्याच्या प्रोफाइलवर ‘मेहनती, टीम प्लेयर, गुणवत्तेबाबत आग्रही’ असं लिहिलेलं आहे. हे वाक्य देशातला कुठलाही क्वालिटी इंजिनिअर लिहू शकतो, त्यामुळे त्यातून वेगळं काहीच कळत नाही.

त्याऐवजी त्याने असं लिहिलं तर? ‘ब्रेकच्या भागांच्या दोन लाइनची गुणवत्ता तपासणी. नव्या भागांसाठी पीपॅपची कागदपत्रं तयार करून ग्राहकाची मंजुरी मिळवली. आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटची तयारी. सीएमएमवर मोजमाप.’ यात एकही विशेषण नाही. पण या क्षेत्रातला माणूस हे वाचून त्याला नेमके प्रश्न विचारू शकतो, आणि यंत्रालाही जुळवायला शब्द मिळतात.

हेच हिशेबनीसाला लागू होतं. ‘अकाउंट्सचा दांडगा अनुभव’ यापेक्षा किती शाखांचे हिशेब सांभाळले, जीएसटीची कोणती विवरणपत्रं स्वतः भरली, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हे सांगणं उपयोगी. आकडे देता आले तर उत्तम, पण मुलाखतीत समजावून सांगता येतील असेच. आणि कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांची नावं, नफ्याचे आकडे प्रोफाइलवर टाकू नयेत. नोकरीच्या करारात तशी बंधनं असतात.

कौशल्यांच्या रकान्यात १०० पर्यंत नोंदी करता येतात. म्हणून १०० भरायलाच हव्यात असं नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा हाताळलेलं सॉफ्टवेअर यादीत ठेवलं, तर नको त्या शोधात नाव येतं आणि पहिल्याच फोनवर फजिती होते.

एआयकडून लिहून घेतलं तर?

लिंक्डइनने मार्च २०२३ मध्ये स्वतःच प्रीमियम सदस्यांसाठी एआयच्या मदतीने प्रोफाइल लिहिण्याची सोय आणली. चॅटजीपीटीसारखी साधनंही हाताशी आहेत. इंग्रजीची धास्ती असलेल्या माणसाला त्यांची खरी मदत होते. व्याकरण सुधारतं, मांडणी नीट होते.

पण सगळ्यांचीच इंग्रजी सारखी गुळगुळीत झाली की भाषेवरून माणूस ओळखणं अवघड होतं. अशा वेळी वजन येतं ते तपशिलाला. एआयला कारखान्यातल्या त्या दोन लाइन माहीत नसतात. त्याला तपशील दिला नाही, तर तो विशेषणं भरतो, किंवा न केलेलं कामही लिहून मोकळा होतो. त्यामुळे आधी कामाचे मुद्दे स्वतः लिहून काढावेत आणि मग फक्त भाषा सुधारून घ्यावी, हा क्रम सुरक्षित.

सदस्यांची माहिती एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा पर्याय लिंक्डइनने आपणहून सुरू ठेवल्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये समोर आलं आणि त्यावर बरीच टीका झाली. हे नको असेल तर सेटिंग्जमधल्या डेटा प्रायव्हसी विभागात जाऊन तो बंद करता येतो.

ओळखी किती आणि कुणाशी असाव्यात?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गाजलेला सिद्धांत मांडला. नोकरीची बातमी अनेकदा जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून येते, असं त्यांचं म्हणणं होतं. जवळच्या माणसांना आपल्यालाच माहीत असलेल्या गोष्टी माहीत असतात. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली खबर आणतो.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून या सिद्धांताला दुजोरा मिळाला, पण एका दुरुस्तीसह. सर्वाधिक उपयोग झाला तो मध्यम स्वरूपाच्या सैल ओळखींचा. अगदीच अनोळखी माणसांचा त्याहून कमी झाला. शिवाय सैल ओळखींचा फायदा डिजिटल क्षेत्रांत जास्त दिसला. सदस्यांना कल्पना न देता असे प्रयोग करावेत का, यावरही तेव्हा वाद झाला होता.

व्यवहारात याचा अर्थ असा की शेकडो अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवण्यापेक्षा जुने सहकारी, कॉलेजचे वर्गमित्र, आधीच्या प्रकल्पातले ग्राहक आणि पुरवठादार यांच्याशी जोडलं जाणं जास्त फायद्याचं. सोबत ‘आपण अमुक प्रकल्पावर एकत्र होतो’ अशी एक ओळ लिहिली, तर समोरच्यालाही लगेच ओळख पटते.

‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट लावावी का?

२०२० मध्ये, करोनाकाळात आलेल्या या सोयीत दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि आपण नोकरी शोधतोय हे सगळ्यांना दिसतं. दुसऱ्यात ते फक्त रिक्रूटरना दिसतं.

नोकरी गेलेलीच असेल तर चौकट लावण्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट जुन्या सहकाऱ्यांना मदत करता येते. नोकरीत असताना मात्र दुसराच पर्याय निवडावा. तोही शंभर टक्के सुरक्षित नाही. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देता येत नाही, असं लिंक्डइनच सांगतं. तसंच, प्रोफाइलमध्ये मोठे बदल करण्याआधी ते नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करावा. नाहीतर साहेबांच्या फीडमध्ये बातमी जायची.

आणखी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. अनेकांचं खातं ऑफिसच्या ई-मेलवर उघडलेलं असतं. नोकरी गेली की तो ई-मेल बंद होतो आणि पासवर्ड विसरला तर खातंही हातचं जातं. म्हणून वैयक्तिक ई-मेल आणि मोबाइल क्रमांक आजच जोडून ठेवावा.

मध्ये खंड पडला असेल तर?

बाळंतपण, घरातलं आजारपण, कपात अशा कारणांनी पडलेला खंड लपवण्यासाठी अनेक जण तारखांची ओढाताण करतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून हे तपासणीत उघड होऊ शकतं. लिंक्डइनने २०२२ पासून ‘करिअर ब्रेक’ची वेगळी नोंद करण्याची सोय दिली आहे. त्यात मुलांचं संगोपन, आजारी माणसाची देखभाल, नोकरी जाणं अशी कारणं निवडता येतात. त्या काळात एखादा कोर्स किंवा छोटं काम केलं असेल, तर तेही तिथेच लिहिता येतं.

चांगल्या प्रोफाइलवर भामट्यांचाही डोळा असतो का?

असतो. नोकरीच्या शोधात असलेला माणूस घाईत असतो आणि भामट्यांना हे पक्कं माहीत असतं. थायलंडमध्ये आयटीच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला होता. हे जाळं सोशल मीडियावरूनही टाकलं जात होतं.

नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणारी ‘ऑफर’ फसवी समजावी. कंपनीच्या नावाने जीमेलवरून पत्र आलं, मुलाखतीआधीच आधार-पॅनच्या प्रती मागितल्या, किंवा लगेच टेलिग्रामवर यायला सांगितलं, तर थांबावं. ती जागा कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर आहे का ते पाहावं. परदेशातल्या नोकरीसाठी एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे तपासता येतं. पैसे गेलेच तर तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

स्वतःच्या प्रोफाइलवरही जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक उघडपणे देऊ नये. ओळख पडताळणीची सोय लिंक्डइनवर आहे, पण पडताळणीची खूण म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. समोरच्याच्या नावापुढे ती दिसली, तरी बाकीची खातरजमा करायलाच हवी.

मग प्रोफाइल सुधारून नोकरी मिळते का?

प्रोफाइलमुळे थेट नोकरी मिळत नाही. मिळते ती योग्य यादीत नाव येण्याची आणि एका फोनची संधी. मंदीत जागाच कमी असतील, तर उत्तम प्रोफाइलचाही फोन वाजत नाही आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

पण वीस वर्षं चोख काम करूनही ज्यांच्या कामाची कंपनीबाहेर कुठेच नोंद नाही, त्यांचं नुकसान सर्वात जास्त होतं. हे काम नोकरी गेल्यावर घाईघाईने करण्यापेक्षा नोकरीत असतानाच करणं सोपं. तेव्हा प्रकल्पांची नावं, तारखा, आकडे डोक्यात ताजे असतात आणि सहकारी शेजारच्याच टेबलावर असतात. दर सहा महिन्यांनी अर्धा तास काढून ‘या काळात मी नेमकं काय केलं’ याच्या चार ओळी लिहून ठेवल्या, तर ऐनवेळी विशेषणं शोधत बसावं लागत नाही.