कागदी पुत्र

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत परदेशीयांच्या चौकशीचे ठाणे होते. चिनी मजुरांस अमेरिकेने १८८२ मध्येच प्रवेशबंदी केली होती. नागरिकांच्या मुलांस मात्र मुभा असे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्मनोंदी जळाल्या, नागरिकत्वाचे दावे खोडता येईनात, आणि अनेकजण कोणाचे तरी ‘कागदी पुत्र’ होऊन आले. अधिकारी विचारीत : घरास पायऱ्या किती? विहीर कोठे? बापलेकांची उत्तरे जुळली नाहीत, तर मुलाची परत पाठवणी! (खऱ्या पुत्राने तरी घराच्या पायऱ्या मोजलेल्या असतात काय?) या पुत्रांना लबाड म्हणण्यास माझे मन धजत नाही. सरळ दार कायद्यानेच लावून घेतले होते. आठवडे, कधी महिने कोंडलेल्या त्या लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. इमारत पाडण्याचे घाटत असता १९७० मध्ये त्या एका उद्यानरक्षकाच्या दृष्टीस पडल्या.