ड्रोनला जात नसते, पण उडवणाऱ्या व्यवस्थेला असते!

९ जानेवारी २०२५ रोजी राज्य सरकारने किनाऱ्यावर नऊ ड्रोन आणले. त्यातले दोन आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात : मिरकरवाडा आणि साखरीनाटे. कारण सांगितलं बेकायदा मासेमारीला आळा. सोबत जोडली सागरी सुरक्षा. म्हणजे मासळीचा चोर आणि देशाचा शत्रू, दोघांवर एकच डोळा!

आमचा आक्षेप नेमका या जोडणीला आहे.

दहशतवादाविरुद्ध ड्रोन वापरणारा लष्करी तज्ज्ञ पुढे वन्यजीव रक्षणाकडे वळतो, याचं जगभर कौतुक होतं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात गेंड्यांच्या शिकारीविरुद्धची मोहीम २०१२ मध्ये योहान जूस्ट या निवृत्त मेजर जनरलकडे सोपवली गेली. गेंडा वाचावा, हे आम्हालाही वाटतं. पण सैनिक येतो तेव्हा त्याच्याबरोबर सीमेवरची नजरही येते. सीमेपलीकडून येणारा शत्रू असतो. जंगलात शिरणारी बाई मात्र सरपणाला आलेली असते. वरून पाहणाऱ्याला हा फरक कोण शिकवणार?

उत्तराखंडच्या कॉर्बेटमध्ये काय झालं ते पाहा. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला बसलेल्या एका स्वमग्न स्त्रीचं चित्र आलं. ती वंचित जातीतली. ते चित्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलं गेलं. सरपण गोळा करणाऱ्या बायकांना हुसकावायला त्यांच्या डोक्यावर मुद्दाम ड्रोन फिरवले गेले. वाघ वाचवण्याच्या नावाखाली अब्रू लुटली ती कुणाची? हे यंत्राचं काम नाही, मनुस्मृतीच्या मनाचं आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही सैन्याच्या विरोधात आहात. आम्हाला सैनिक शिकवू नका. दापोलीचा कॅम्प म्हणजे महार पेन्शनरांची वस्ती. सुभेदार रामजी काही काळ तिथे राहिले, बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळही तिथलाच. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिकच. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने. आम्ही वर्दीचा मान जाणतो. म्हणूनच वर्दीतली नजर गरिबावर रोखलेली आम्हाला खपत नाही.

पर्ससीन आणि एलईडीवाल्या बोटींवर कारवाई करा, ही पारंपरिक मच्छीमारांचीच जुनी मागणी. तेव्हा ड्रोन खुशाल उडवा. पण धनदांडग्याची बोट सुटली आणि छोट्या होडीवाल्याला दंड बसला, तर ते रक्षण नव्हे, वेठबिगारी आहे. उद्या हेच ड्रोन सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या वाड्यांवर घिरट्या घालतील, तेव्हा २००६ च्या वनहक्क कायद्याची आठवण कोण ठेवणार?

आमच्या मागण्या साध्या आहेत. ड्रोनच्या आधारे कुणावर किती कारवाया झाल्या, याची यादी दर महिन्याला बंदरावर लावा. वाडीवर ड्रोन नेण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या. बायकांची चित्रं टिपणाऱ्यावर आणि पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. तो हक्क बंगल्यातल्याला आहे, तसाच झोपडीतल्यालाही आहे.

वाघ जगावा, मासळी वाढावी. पण त्यांच्या नावावर माणसाची शिकार आम्ही होऊ देणार नाही.

जय भीम!