माळ फेकण्याआधी

हर्नडनमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरांवर दिवाळीला चढलेली दिव्यांची माळ नाताळ उलटेपर्यंत उतरत नाही. दीड-दोन महिने ती पावसात, वाऱ्यात, गोठवणाऱ्या थंडीत लटकत असते. मग डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी नेमकी अर्धीच पेटते. नवी माळ दहा-पंधरा डॉलरला मिळते, त्यामुळे जुनी सरळ कचऱ्यात जाते. माझं म्हणणं एवढंच, की फेकण्याआधी ती अर्धा तास जेवणाच्या टेबलावर आणा. वेळेचा हिशोब केला तर पैसे फारसे वाचणार नाहीत, हे मान्य. पण शाळेत पाठ केलेली एकसर जोडणी हातात घेऊन बघायला मिळेल, आणि कोणती माळ वाचवायची व कोणती नाही हे कळेल.

आधी, अर्धीच का विझते? इथल्या घरात वीज येते १२० व्होल्टची. फिलामेंटच्या छोट्या दिव्याला लागतात जेमतेम अडीच. म्हणून ५० दिवे एकसर जोडतात आणि १२० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. १०० दिव्यांच्या माळेत असे दोन गट समांतर असतात. एका गटाचा मार्ग तुटला की अर्धी माळ अंधारात.

मग एक दिवा जळाला की पन्नासही विझायला हवेत. पण तसं होत नाही. दिव्याच्या आत, फिलामेंटच्या खाली, दोन्ही पायांना एका बारीक तारेचे वेढे असतात. तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे एरवी तिच्यातून वीज जात नाही. फिलामेंट तुटलं की प्रवाह थांबतो आणि सगळे १२० व्होल्ट त्या एकाच दिव्याच्या दोन टोकांवर येतात. अडीच व्होल्टला दाद न देणारा तो थर आता फुटतो, तार वाट मोकळी करते आणि बाकीचे दिवे पेटते राहतात.

म्हणजे अख्खा गट विझला, तर बहुधा एखादा दिवा होल्डरमध्ये सैल आहे, त्याची पायाची तार गंजली किंवा वाकली आहे, नाहीतर ती आतली तार वेळेवर जागी झाली नाही. प्लग काढा आणि एकेक दिवा दाबून, उपसून बघा. हार्डवेअरच्या दुकानात पिस्तुलासारखं एक हत्यार मिळतं. त्याचा घोडा दाबला की उच्च दाबाचा झटका जाऊन तो थर फुटतो. आत पिझो स्फटिक असतो, आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये असतो तसाच. पूर्ण माळच बंद असेल, तर आधी प्लगच्या छोट्या झाकणाआडचे इवले फ्यूज बघा.

“चार-पाच गेलेत, पण बाकीची चालतेय ना!” हे मात्र महागात पडतं. ५० पैकी ५ दिवे जळाले की १२० व्होल्ट ४५ जणांत वाटले जातात. प्रत्येकाला ११ टक्के जास्त. दिवे झगझगीत दिसतात, पण फिलामेंटचं आयुष्य वाढत्या दाबाने फार झपाट्याने घटतं. एवढ्या वाढीने ते पाव हिश्श्याच्या आसपास येतं. मग जळण्याची रांगच लागते. म्हणून गेलेला दिवा लगेच बदला, तितक्याच व्होल्टचा.

काही गोष्टींत मात्र हट्ट नको. वायरचं आवरण फाटलं असेल, होल्डर वितळला असेल, तर माळ गेली असं समजा. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळायची आपली जुनी सवय इथे आणू नका. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. बाहेरचं जीएफसीआय आउटलेट पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळत नाहीये. सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरकही त्याला पुरतो, कारण तो फरक एखाद्याच्या अंगातून जात असू शकतो. बटण दाबत बसण्याऐवजी ओली माळ उतरवा.

एलईडीच्या माळा वीज कमी खातात, पण त्यांतल्या अनेकांचे दिवे कायमचे बंद केलेले असतात. एक पाय गंजला की सगळा गट गेला. म्हणून विकत घेतानाच दिवा उपसता येतो का ते बघा. माझ्या मते डब्यावरच्या ‘इतके हजार तास’ या दाव्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

आणि फेकलेल्या माळांचं काय होतं? चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शिजिआओ गावाबद्दल पत्रकार ॲडम मिंटर यांनी २०११ मध्ये लिहिलं होतं. तिथे वर्षाला दोन कोटी पौंडांहून अधिक जुन्या माळा येत. त्यांचा चुरा करून पाण्याने तांबं वेगळं काढत आणि प्लास्टिक चपलांच्या तळव्यांना जाई. हे चांगलंच आहे, पण कचऱ्याच्या डब्यात टाकलेली माळ तिथवरही पोचत नाही. मेलेली माळ पुनर्वापराला द्या, आणि तिच्यातले चांगले दिवे आधी एका डबीत काढून ठेवा. पुढच्या दिवाळीला तेच उपयोगी पडतील.