तारखेचा अभिमान, वास्तूचा विसर

केरळातील त्रिचूर जिल्ह्यात कोडुंगल्लूरला लागून असलेले मेथला हे तसे छोटे गाव. आता ते नगरपालिकेच्या हद्दीत गेले आहे. परंतु भारतातील पहिली मशीद कोणती, असा प्रश्न निघाला की या गावाचे नाव हटकून पुढे येते. येथील चेरामन जुमा मशीद इ.स. 629 मध्ये उभी राहिली, असे पर्यटनाच्या पुस्तिकांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वर्षानुवर्षे सांगितले जात आहे. एप्रिल 2016 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सौदी अरेबियाचे राजे सलमान यांना याच मशिदीची सुवर्णमुलामा दिलेली प्रतिकृती भेट दिली, तेव्हा हे नाव देशभर पोहोचले. सरकारी माहितीत निदान ‘असे मानले जाते’ एवढी सावधगिरी होती. लेख आणि भाषणे यांत मात्र हे तीन शब्द गळून पडतात आणि आख्यायिकेचा इतिहास होतो.

आख्यायिका अशी : चेरामन पेरुमाळ नावाच्या राजाला आकाशात चंद्र दुभंगलेला दिसला. त्याचा अर्थ अरब प्रवाशांकडून कळल्यावर तो मक्केला गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि परतीच्या वाटेवर अरबस्तानातच त्याचा मृत्यू झाला. त्याने दिलेली पत्रे घेऊन मलिक बिन दीनार मलबारात आले आणि त्यांनी ही मशीद बांधली.

कथा सुंदर आहे, परंतु ती तपासण्याचे काम सर्वप्रथम कोणी केले? ते कोणा ‘जातीयवाद्या’ने केलेले नाही. सोळाव्या शतकात मलबारातीलच विद्वान शेख झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’ हा ग्रंथ लिहिला. पैगंबरांच्या हयातीतच राजाचे धर्मांतर झाले, या लोकसमजुतीत फारसे तथ्य नाही, असे त्यांनी त्यात नोंदवले आणि ही घटना हिजरी सनानंतर सुमारे दोनशे वर्षांनी घडली असावी, असा अंदाज दिला. मुसलमान समाजातील एक धर्मपंडित चारशे वर्षांपूर्वी जी चिकित्सा करू शकला, ती आजच्या पुरोगामी म्हणवणाऱ्या लेखकांना का झेपू नये?

केरळच्या इतिहासाचे अभ्यासक डॉ. एम. जी. एस. नारायणन यांनी शिलालेखांच्या आधारे चेर राजांचा कालक्रम मांडला. त्यानुसार अखेरचा पेरुमाळ राम कुलशेखर 1122 च्या सुमारास इतिहासातून दिसेनासा होतो. उत्तर मलबारातील माडायी येथील मशिदीतला जुना अरबी लेख 1124 चा असल्याचे वाचले गेले आहे. नारायणन यांनी राजाच्या मक्कायात्रेची परंपरा सरसकट फेटाळलेली नाही. परंतु बारावे शतक कुठे आणि 629 कुठे! मध्ये पाच शतकांचे अंतर आहे. शिवाय 1504 मध्ये पोर्तुगीज आरमाराने कोडुंगल्लूर जाळले. तेव्हा तेथे पाहायला मिळणारे लाकूडकाम सातव्या शतकातले आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही.

एक नाव, दोन यात्रा

गंमत अशी की, चेरामन पेरुमाळ या नावावर दुसरीही एक परंपरा हक्क सांगते. याच परिसरात तिरुवंचिकुळमचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्रेसष्ट शैव नायनार संतांपैकी एक चेरामन पेरुमाळ नायनार. आपला मित्र संत सुंदरर याच्यासह तो येथूनच कैलासाला गेला, अशी शैवांची श्रद्धा आहे. सुंदरर पांढऱ्या हत्तीवर आणि चेरामन घोड्यावर. दोघांच्याही मूर्ती त्या मंदिरात आहेत. एकाच नावाचा राजा एका परंपरेत कैलासाला जातो, दुसरीत मक्केला. धर्मनिरपेक्षतेच्या गौरवार्थ लिहिल्या जाणाऱ्या लेखांत दुसरी यात्रा ठळक अक्षरांत असते, पहिलीचा उल्लेखही नसतो. रामकथेची वा कृष्णकथेची परंपरा सांगितली की शिलालेख दाखवा म्हणणारी मंडळी येथे मात्र पुराव्यावाचून तारीख स्वीकारतात. चिकित्सेची फूटपट्टी एकच असली पाहिजे. ती दोन ठिकाणी दोन मापे दाखवू लागली, की तिला चिकित्सा म्हणता येत नाही.

खरा पुरावा छपराचा

परंतु या साऱ्या वादात एका गोष्टीकडे सर्वांचेच दुर्लक्ष झाले. ती म्हणजे प्रत्यक्ष वास्तू. या मशिदीच्या मूळ रूपात घुमट नव्हता की मिनार नव्हता. उतरते कौलारू छप्पर, लाकडी तुळया आणि वासे, शिसवी लाकडाचे कोरीव व्यासपीठ, जवळच पाण्याचे तळे आणि आत टांगलेला, अखंड तेवणारा तेलाचा दिवा. या दिव्यासाठी सर्व धर्मांचे भाविक तेल आणतात. प्रथमदर्शनी एखाद्याने ही वास्तू केरळी मंदिर समजावी, असेच ते रूप होते.

हा काही योगायोग नव्हे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या भूमीत छप्पर कसे असावे, हे पावसाने आणि तेथल्या सुतारांनी ठरवले. देवळाचे वासे जोडणारे हात आणि मशिदीचे वासे जोडणारे हात एकाच परंपरेत तयार झालेले होते. कोळिकोडच्या मिश्काल मशिदीचेही असेच आहे. ती अनेक मजली, लाकडी, कौलारू आणि मिनारविरहित. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी ती जाळली. पुढे 1571 मध्ये सामुतिरी या हिंदू राजाच्या सैन्याने, मुसलमान दर्यावर्दींच्या साथीने, चालियमचा पोर्तुगीज किल्ला जिंकून पाडला. गोव्यात फोंड्याची 1560 ची साफा मशीद पाहावी, तर तेथेही जांभ्या दगडाच्या भिंती, वर उतरते छप्पर आणि शेजारी पायऱ्यांची बांधीव तळी. उपासनापद्धती बदलली म्हणून माती, पाऊस आणि कारागिरी बदलत नाही. संस्कृती एक असल्याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आणि नेमका हाच पुरावा मेथल्यात झाकला गेला. 1974 मध्ये मशिदीचा दर्शनी भाग पाडून विस्तार झाला. 1994 आणि 2001 मध्ये आणखी बांधकाम झाले. आतला जुना गाभा राहिला, पण बाहेरून दिसू लागले ते काँक्रीट, घुमट आणि मिनार. त्याच दशकांत आखाती देशांतील कमाईने केरळचे रूप पालटत होते आणि मशीद म्हटली की अरबी धाटणीच हवी, ही समजूत गावोगाव पसरत होती. सिद्ध न होणाऱ्या तारखेचा अभिमान बाळगायचा आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र सिमेंटखाली घालायचा, याला काय म्हणावे?

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ही चूक मशिदीच्या व्यवस्थापनानेच ओळखली. केरळ सरकारच्या मुझिरिस वारसा प्रकल्पात नंतरचे काँक्रीट उतरवून जुने कौलारू रूप परत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. वाढत्या संख्येच्या नमाजासाठी जमिनीखाली दालनाची योजना झाली. आयात केलेल्या रूपापेक्षा आजोबा-पणजोबांचे छप्पर अधिक आपले, असा हा निर्णय होता. त्याचे स्वागत करताना कोणी हात आखडता घेण्याचे कारण नाही. किंबहुना राष्ट्रीयत्वाचा विचार जे सांगत आला, तेच या निर्णयातून कृतीत उतरले आहे.

घरचा आहेर

मग दुसऱ्याला उपदेश करणाऱ्या हिंदू समाजाची स्थिती काय आहे? महाराष्ट्रातील गावोगावची जुनी देवळे पाहावीत. काळ्या पाषाणाच्या खांबांवर तैलरंगाचे थर चढले आहेत. गाभाऱ्यात स्नानगृहात शोभतील अशा फरशा बसल्या आहेत. सागवानी सभामंडप मोडून तेथे स्लॅब पडला आणि त्यावर देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. यालाच जीर्णोद्धार म्हणतात! वीरगळ पायरीला लावले जातात, शिलालेख चुन्याखाली बुजतात आणि मग परकीय आक्रमकांनी वारसा नष्ट केला म्हणून हळहळ व्यक्त होते. आक्रमकांनी जे केले त्याची नोंद इतिहासाने ठेवली आहे. स्वकीयांनी भक्तिभावाने जे केले, त्याची नोंद कोण ठेवणार?

उपाय अवघड नाही. कोणत्याही जुन्या धर्मस्थळाला हात लावण्यापूर्वी त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि लेखांचे ठसे घेतले जावेत. विश्वस्तांनी ठेकेदाराआधी वास्तूच्या जाणकाराला बोलवावे. जुन्या पद्धतीने लाकूड आणि दगड घडवणाऱ्या कारागिरांना काम मिळावे, कारण ते हात थांबले की पैसा असूनही छप्पर परत येणार नाही. मेथल्याच्या मशिदीचे भाग्य असे की तिचा गाभा शिल्लक होता, म्हणून मागे वळता आले. महाराष्ट्रातील कित्येक देवळांत तेवढेही उरलेले नाही. जेथे उरले आहे, तेथे पुढच्या जीर्णोद्धाराचा नारळ फुटण्यापूर्वीच ग्रामस्थांनी जागे झाले पाहिजे.