पावणेतीन वर्षांचा हिशेब

मंडळी, यावेळी थोडे आकडे. पण घाबरू नका, ते आपल्याच घरातले आहेत.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. १९७०-७५ मध्ये पुरुषांचं आयुर्मान ५०.५ झालं, २०१६-२० मध्ये ६८.६. म्हणजे साधारण ४५ वर्षांत १८ वर्षांची कमाई.

याचा अर्थ पूर्वी सगळे पुरुष पन्नाशीतच जायचे, असा मात्र नाही. सरासरी खाली ओढत होते ते तान्ह्या बाळांचे मृत्यू. १९७१ मध्ये दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधीच जात. २०२० मध्ये ही संख्या २८ वर आली. लसी, जलसंजीवनी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांचा त्यात मोठा वाटा आहे. साठी गाठलेल्या पुरुषांचा आकडा मात्र इतका हललेला नाही. १९७०-७५ मध्ये त्यांच्यापुढे सरासरी १३ वर्षं असत, आता १७-१८ आहेत. जन्माच्या वेळी १८ वर्षांची वाढ, साठीला फक्त चारेक वर्षांची.

दुसरी गोष्ट बायकांची. १९७०-७५ मध्ये त्यांचं आयुर्मान ४९, म्हणजे पुरुषांपेक्षाही कमी होतं. मुलींची आबाळ आणि बाळंतपणातले मृत्यू ही त्याची कारणं. ती जसजशी कमी झाली तशा ऐंशीच्या दशकात बायका पुढे गेल्या. २०१६-२० मध्ये त्या ७१.४ वर होत्या. पुरुष पावणेतीन वर्षांनी मागे.

निसर्गाने बायकांना थोडं झुकतं माप दिलंय हे खरं. पण बाकीचं आपण पुरुष स्वतःच्या हाताने करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ४२ टक्के पुरुष तंबाखू वापरत होते, बायका १४ टक्के. २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यात बहुसंख्य पुरुष. दारूचंही तेच. शिवाय रक्तदाब आणि साखर काही दुखत-खुपत नसताना वाढतात, आणि 'मला काय धाड भरलीय' म्हणत आपण तपासणी टाळतो. बाळांना वाचवायला सरकारी मोहिमा कामी आल्या. पस्तिशीच्या माणसाला हेल्मेट मात्र त्याचं त्यालाच घालावं लागतं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. साठीनंतर बाईला पुरुषापेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त मिळतं. नवरा तीन-चार वर्षांनी मोठा असेल, तर शेवटची पाचेक वर्षं ती एकटी असण्याची शक्यता मोठी. आणि आपल्या बऱ्याच घरांत बँक, विमा, म्युच्युअल फंड यांचे पासवर्ड एकाच डोक्यात असतात, तेही आधी जाण्याची शक्यता जास्त असलेल्या डोक्यात! घरात असं बोलणं अशुभ मानतात. पण बोललं नाही म्हणून आकडे बदलत नाहीत.

तेव्हा तिशी-चाळिशीतल्या मित्रांनो, या महिन्यात चार कामं उरका:

१. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. बाबांनाही सोबत न्या.
२. गुटखा, सिगारेट सोडायचा प्रयत्न एकट्याने जमत नसेल, तर डॉक्टरांची मदत घ्या. त्यात कमीपणा नाही.
३. पीएफचं नॉमिनेशन बघा. लग्नाआधी भरलेलं लग्नानंतर रद्द ठरतं, ते नव्याने भरावं लागतं.
४. खाती, पॉलिसी, कर्जं यांची यादी करा आणि बायकोसोबत बसून ती एकदा वाचा. आईबाबांच्या घरीही हेच करा. आईला एकदा स्वतःच्या हाताने बँकेचा व्यवहार करू द्या.

पहिली दोन कामं आपली वर्षं वाढवण्यासाठी, उरलेली दोन तिची वर्षं सोपी करण्यासाठी. चारही मिळून दोन रविवारांचं काम आहे.