बॉक्स विकत घेतला, पण मालक कोण?

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. थानातून कापड फाडले, पैसे घेतले, पावती दिली की त्या कापडावरचा दुकानदाराचा हक्क संपला. गिऱ्हाइकाने त्याचा सदरा शिवावा की पडदा, भंडाऱ्यात शिवावा की तुमसरला, हे विचारण्याचा अधिकार दुकानदाराला उरत नाही. सौदा म्हणतात तो यालाच. केबल टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला मात्र हा नियम लागू पडत नाही. रोख पैसे मोजून घेतलेला बॉक्स घर बदलले की पुष्कळदा निकामी होतो, आणि ही गोष्ट विकताना सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या दुकानाचे काम करणारे एक शिलाई कारागीर काही वर्षांपूर्वी साकोलीहून भंडाऱ्यास राहावयास आले. येताना टीव्ही आणला, बॉक्सही आणला. नव्या मोहल्ल्यातील केबलवाल्याने बॉक्स उलटून पाहिला आणि सांगितले, "हा आमच्याकडे चालत नाही, नवीन घ्यावा लागेल." जुन्या केबलवाल्याने बॉक्स परत घेण्यास नकार दिला, कारण त्याच्या मते तो विकलेला होता. पावती पाहिली तर तीवर नुसती रक्कम. विक्री की अनामत, एक शब्द नाही. मेहनतीच्या कमाईतून एकाच वस्तूचे पैसे दोनदा गेले. घर बदलणे हा आपल्या कारागीर वर्गाच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. कोणी भाड्याच्या खोलीत राहतो, कोणी कामासाठी नागपूर-गोंदियाला जातो. गोसीखुर्द धरणामुळे तर आपल्या जिल्ह्यातील गावेच्या गावे उठली. म्हणून ही बाब क्षुल्लक समजू नये.

पूर्वी अशी अडचण नव्हती. छतावरून आलेली तार टीव्हीच्या मागे खोचली की चित्र दिसत असे. केबलचा कायदा १९९५ साली झाला. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले आणि ते चार टप्प्यांत देशभर लागू करण्यात आले. मुंबई पहिल्या टप्प्यात, नागपूर दुसऱ्या, बाकीची शहरे तिसऱ्या आणि खेडी चौथ्या टप्प्यात आली. शेवटच्या दोन टप्प्यांची मुदत लांबत लांबत २०१७ पर्यंत गेली. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या. पण बॉक्स सक्तीचा झाला.

आता हा बॉक्स दुसरीकडे का चालत नाही, ते समजून घेऊ. कंपनी आपल्या वाहिन्या कुलूपबंद करून तारेतून पाठवते. त्या कुलपाची किल्ली बॉक्समधील कार्डात किंवा चिपमध्ये असते. प्रत्येक कंपनीचे कुलूप निराळे, म्हणून एकीचा बॉक्स दुसरीची वाहिनी उघडू शकत नाही. तेथे नव्या गावात तीच कंपनी असेल तर तोच बॉक्स चालण्याची शक्यता असते. छत्रीवाली डीटीएच सेवा उपग्रहावरून येत असल्याने तिचा बॉक्स त्याच कंपनीच्या ग्राहकास देशात कोठेही नेता येतो; छत्री नव्याने बसविण्याचा खर्च तेवढा पडतो. मात्र डीटीएचचा बॉक्स केबलला किंवा केबलचा डीटीएचला लागत नाही, कारण दोन्हींची रचनाच वेगळी आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा बाजारातून घेतलेला बॉक्स मात्र खऱ्या अर्थाने आपला असतो. मासिक वर्गणी नाही, गाव बदलले तरी चालतो.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात की बॉक्स आम्ही कमी किमतीत देतो आणि कुलूप नसेल तर चोरी होईल. हे खोटे नाही. परंतु मोबाईलमध्ये हा प्रश्न केव्हाच सुटला. फोन आपला, सिम कंपनीचे. २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. टीव्हीच्या बाबतीतही दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये सरकारला हेच सुचविले होते. बॉक्स कोणत्याही कंपनीला चालेल असा असावा, आणि कंपनीची किल्ली यूएसबीसारख्या वेगळ्या जोडणीत असावी. म्हणजे चोरीची भीतीही नाही आणि ग्राहकाचा मालही वाया जात नाही. केबल ते केबल आणि डीटीएच ते डीटीएच एवढी सोय झाली तरी लाखो बॉक्स भंगारात जाण्याचे वाचतील.

माझे मत स्पष्ट आहे. कंपनीला बॉक्सवर ताबा हवा असेल तर तिने तो भाड्याने द्यावा, अनामत घ्यावी आणि ग्राहक सोडून गेला की अनामत परत करावी. "विकला" म्हणायचे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हा सौदा नव्हे. आपल्यापैकी कोणी गिऱ्हाइकाला असे कापड विकले तर बाजारात त्याची पत दोन दिवस टिकणार नाही. आपले काही तरुण केबलच्या व डीटीएचच्या धंद्यात आहेत, त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. मालाचा ऐब सांगून विकणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर ग्राहक बंधूंनी पुढील काळजी घ्यावी. नवीन जोडणी घेताना ट्रायच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. पावतीवर विक्री, भाडे की अनामत, हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्ष-दोन वर्षांत घर बदलण्याचा संभव असेल तर बॉक्स विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे बरे. घर सोडण्यापूर्वी नव्या मोहल्ल्यात कोणत्या कंपनीची तार आहे याची चौकशी करावी. तीच असेल तर जोडणी हलविण्याचा अर्ज द्यावा, नसेल तर भाड्याचा बॉक्स परत करून पोच घ्यावी. जुलै २०२४ पासून जोडणी बसविण्याचे व हलविण्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली आहे, म्हणून दर आधी विचारावा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही.

बाराशे-पंधराशे रुपयांसाठी कोण कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण हातमागावर किंवा शिलाई यंत्रावर बसून तेवढे रुपये मिळविण्यास किती दिवस लागतात, हे कारागिराला विचारा. पावती नीट वाचून घेण्यास मात्र दोन मिनिटे पुरतात.