सभेला पालक हवेत, निर्णयाला नकोत!

अमेरिकेतील लॅटिनो मुले गणित-विज्ञानात मागे का पडतात? तिथल्या प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले असते : घरात वातावरण नाही. हे उत्तर आपणही पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. लुई मोल, नॉर्मा गोन्झालेझ व सहकाऱ्यांनी 1992 साली ॲरिझोना राज्यातील टुसॉनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षक मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या घरी गेले. तपासायला नव्हे, शिकायला. शेतीची माती, बांधकामाची मापे, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती! विज्ञान घरात होतेच, शाळेने कधी विचारले नव्हते. त्याच ॲरिझोनाने 2000 साली सार्वमत घेऊन द्विभाषिक शिक्षणाला कात्री लावली. आई ज्या भाषेत मोजायला शिकवते, तीच भाषा वर्गाबाहेर. मग पालकांना विज्ञान मेळाव्याला बोलावून खाऊ वाटणे, याला सहभाग म्हणायचे काय?

1965 पासूनच्या ‘हेड स्टार्ट’ या सरकारी बालशिक्षण योजनेत धोरण समितीवर पालकांचे बहुमत बंधनकारक आहे. अंदाजपत्रकालाही त्यांची संमती लागते. चार वर्षांच्या पोराला मोजमाप कशातून शिकवायचे, हेही त्याच समितीत ठरावे, आणि चर्चा स्पॅनिशमध्ये व्हावी.